शिरकाण आणि शिरगणती

एखाद्या संघाने वीस षटकांत अडीचशे धावा कुटल्या की दुसऱ्या दिवशीच्या क्रीडापानावर ‘गोलंदाजांची कत्तल’ असा मथळा येतो. निर्देशांक कोसळला की अर्थपानावर ‘बाजारात रक्तपात’ होतो. मतदानाच्या आदल्या रात्री वार्ताहर ‘कत्तल की रात’ची बातमी पाठवतात. त्याच काळात दूरच्या एखाद्या गावात शे-दीडशे माणसे रांगेत उभी करून मारली जातात आणि त्या बातमीवर मथळा लागतो ‘हिंसाचारात दीडशे ठार’. मराठी वृत्तपत्रांत काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या हातून हे वर्षानुवर्षे होत आले आहे. जिथे रक्त सांडले नाही तिथे आपण कत्तल लिहितो आणि जिथे पाट वाहिले तिथे शब्द आखडता घेतो. म्हणून या शब्दाकडे एकदा सावकाश पाहायला हवे. तो कुठून आला, मराठीत येऊन त्याचे काय झाले आणि त्याच्या आसपासचे शब्द काय सांगतात, हे समजले की तो कुठे वापरायचा याचाही अंदाज येतो.

‘कत्तल’ मूळचा अरबी. क, त आणि ल या तीन व्यंजनांचा धातू; अर्थ ठार मारणे. त्याच्यापासून शब्दांचे सगळे कुटुंब झाले आहे. मारणारा तो कातिल, मारला गेला तो मक्तूल, मारण्याची जागा ती मक्तल. हिब्रू, सिरियाक, इथिओपियाची जुनी गीझ या भाषांतही याच धातूची भावंडे आहेत. युरोपातल्या विद्वानांनी या भाषांची व्याकरणे रचली तेव्हा क्रियापद कसे चालते हे दाखवण्यासाठी त्यांनी नमुना म्हणून बहुधा हाच धातू घेतला. आपल्याकडे संस्कृतच्या वर्गात मुले ‘गम्’ चालवतात; तिकडे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी ‘त्याने मारले, तिने मारले, त्यांनी मारले’ असे म्हणत व्याकरण पाठ केले.

अरबीतून हा शब्द फारसीत आला आणि फारसीच्या बोटाला धरून दख्खनच्या दरबारांत पोचला. ‘कत्ल’मधले शेवटचे जोडाक्षर मराठी जिभेला मानवले नाही, तेव्हा मराठीने ते सोडवले आणि आधीच्या व्यंजनाला दुप्पट केले. अक्लची अक्कल झाली, नक्लची नक्कल, शक्लची शक्कल, रक्मची रक्कम, तशीच कत्लची कत्तल. पहिल्या अक्षरात उकार असला की मराठी वेगळा मार्ग घेते. हुक्मचा हुकूम, मुल्कचा मुलूख, जुल्मचा जुलूम होतो. ही रूपे कोणा पंडिताने ठरवलेली नाहीत. चावडीवर, छावणीत, बाजारात बोलता बोलता ती घडली. शब्द असा घरचा झाला की त्याला परका म्हणून हाकलण्यात अर्थ नसतो.

मराठीने नुसता उच्चार बदलला नाही, अर्थाचीही वाटणी केली. हिंदी-उर्दूत कत्ल पुल्लिंगी आहे आणि एका माणसाचाही कत्ल होतो. मराठीत कत्तल स्त्रीलिंगी झाली आणि ती कधी एकाची होत नाही. एकाला मारले तर तो खून. ‘खून’ म्हणजे फारसीत रक्त. पण रक्तासाठी आपल्याकडे रक्त हा शब्द होताच, म्हणून खून हा शब्द मराठीने हत्येसाठी राखून ठेवला. खून मोजता येतात. ‘सात खून माफ’ असे आपण म्हणतो. सात कत्तली माफ असे कोणी म्हणत नाही. खुनात कोणाचा खून झाला हे आधी सांगावे लागते. मेलेल्याला नाव असते, वय असते, मागे रडणारे कोणी असते, पंचनामा होतो. कत्तल म्हटले की समोर माणसांचा समूह येतो आणि त्या समूहात एकेकाचे नाव बुडून जाते. आमच्या मते या शब्दाबद्दल सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

फारसीतून आलेला दुसरा शब्द ‘कत्लेआम’. यातला ‘आम’ आमसभेतला, दिवाण-ए-आममधला, आम जनतेतला. सर्वांसाठी खुला, भेद न करणारा. कत्लेआम हा मुळात हुकूम होता, सरसकट मारण्याची परवानगी. २२ मार्च १७३९ रोजी नादिरशहाने दिल्लीत तो दिला. कर्नाळच्या लढाईत मोगलांना हरवून तो दोनच दिवसांपूर्वी शहरात आला होता. नादिरशहा मारला गेला अशी अफवा आदल्या संध्याकाळी उठली आणि जमावांनी त्याच्या काही सैनिकांना कापले. सकाळी तो चांदणी चौकातल्या सुनहरी मशिदीत येऊन बसला आणि त्याने हुकूम सोडला. काही तास शहर कापले जात होते. पुढे मोगल बादशहाच्या बाजूने विनवणी झाली, तेव्हा दुसरा हुकूम सुटला आणि तलवारी म्यान झाल्या. मेलेल्यांचे अंदाज साधारण वीस ते तीस हजारांचे आहेत. त्या दिवसांत चिमाजी अप्पांचे सैन्य वसईला वेढा घालून बसले होते; दिल्लीची वार्ता तिथल्या वकिलांच्या पत्रांतून दक्षिणेत आली. मराठीत ‘नादिरशाही’ हा शब्द राहिला, तो त्या सकाळचा.

या घटनेतला सर्वांत भयंकर भाग संख्येचा नाही. मारणे एका शब्दाने सुरू झाले आणि एका शब्दाने थांबले, हा आहे. अंगात भूत संचारल्यासारखा जमाव आपोआप बेभान होतो, त्याला कोणी आवरू शकत नाही, असे कत्तलीबद्दल नेहमी सांगितले जाते. दिल्लीत तसे झाले नाही. थांबवणारा मनात आणील तेव्हा ती थांबत होती. म्हणून ‘कत्तल झाली’ हे वाक्य आम्हाला अपुरे वाटते. पाऊस झाला, उशीर झाला, तशी कत्तल होत नाही. ती कोणीतरी करतो आणि कोणीतरी करवतो.

महाराष्ट्रात या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो शोकाचा आहे. मोहरमच्या दहाव्या दिवसाची आदली रात्र ती ‘कत्तलची रात’. इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे मूठभर साथीदार मारले गेले, त्या दिवसाची ती रात्र. परंपरा साथीदारांची संख्या बहात्तर सांगते आणि त्यांची नावे तेराशे वर्षांहून अधिक काळ शोकसभांतून घेतली जातात. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत, आणि तिथे ताबुतांना खांदा लावणाऱ्यांत हिंदू घरे कितीतरी पिढ्यांपासून आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत पंजे बसतात, नवस बोलले जातात. या गावांत कत्तलच्या रात्रीला मान आहे. पुढे हीच रात्र राजकारणाच्या भाषेत आली आणि उमेदवारांची माणसे पाकिटे घेऊन वस्त्यांत फिरतात, त्या रात्रीला हे नाव मिळाले. ज्यांनी ते पहिल्यांदा वापरले त्यांना उद्याच्या निकराच्या लढतीची आदली रात्र एवढेच म्हणायचे असावे. आज तो शब्द पैसेवाटपाचा पर्याय झाला आहे. लाचेला लाच म्हणण्याचे टाळण्यासाठी एका समाजाच्या शोकाचे नाव उचलणे आम्हाला योग्य वाटत नाही.

कत्तलीसाठी अस्सल मराठी वळणाचा शब्द कोणता, असे विचारले तर बहुतेक जण ‘शिरकाण’ म्हणतील. या शब्दाभोवती एक कथा आहे. छत्रपती संभाजी महाराजांनी शृंगारपूरच्या शिर्क्यांवर चालून जाऊन त्यांचा संहार केला, तेव्हापासून कत्तलीला शिरकाण म्हणू लागले, अशी ती कथा. ऐकायला नेटकी आहे, म्हणूनच ती इतकी टिकली. पण तिच्यावर विसावता येत नाही. महाराजांच्या अखेरच्या काळात शिर्क्यांशी वितुष्ट आले आणि लढाई झाली हे खरे. मात्र ते घराणे त्यात संपले नाही. राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यातून १६९७-९८ च्या सुमारास निसटले, त्या हकिकतीत गणोजी शिर्के आहेतच. महाराणी येसूबाई तर शिर्क्यांचीच लेक. शिवाय शब्दात ‘शिर’ उघड दिसत असताना अर्थासाठी एखाद्या आडनावापर्यंत जाण्याची गरज पडत नाही. दोन शब्दांचे उच्चार जुळले म्हणजे एकाचा जन्म दुसऱ्यातून झाला असे ठरत नाही, आणि ती जुळणी जेव्हा एखाद्या राजावर क्रौर्याचा व एखाद्या कुळावर विनाशाचा शिक्का मारते, तेव्हा तर कागद समोर असल्याशिवाय ती छापूच नये. शिर्के मंडळी आजही महाराष्ट्रभर आहेत. रायगडावर शिरकाई देवीचे देऊळ आहे आणि तिचे नाव त्याच घराण्याशी जोडले जाते.

आता ‘वध’ घ्या. कंसवध, कीचकवध, अफझलखानाचा वध. हा शब्द वापरणाऱ्याने निकाल आधीच दिलेला असतो की मारला गेला तो मरायलाच हवा होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले तेव्हा प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. शब्दाची ताकद दोन्ही बाजूंना कळली होती. म्हणून ३० जानेवारी १९४८ च्या घटनेला कोणी ‘गांधीवध’ म्हणतो, तेव्हा तो नुसती घटना सांगत नाही, बाजू सांगतो. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने तो खून ठरवला. गांधीजींचा खून झाला, त्यांची हत्या झाली. या दोन शब्दांपलीकडचा तिसरा शब्द आम्ही लिहिणार नाही.

‘हत्याकांड’ तुलनेने नवा आणि आता सर्वांत जास्त वापरातला. कांड म्हणजे उसाच्या किंवा बांबूच्या दोन पेरांमधला भाग. आपले कांडे, कांडी त्याच घरातले. त्यावरून ग्रंथाचा भाग, म्हणून रामायणाची कांडे, आणि तिथून प्रकरण, घटना. ‘संहार’ याहून जुना आणि गंभीर. त्याचा मूळ अर्थ आवरून घेणे, एकत्र गोळा करणे. ग्रंथाचा ‘उपसंहार’ त्यामुळेच. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या नाटकाच्या नावातला संहारही मारण्याचा नाही, द्रौपदीची मोकळी वेणी बांधण्याचा आहे. सृष्टी आवरून घेणारा देव संहारकर्ता. त्या अर्थाला मोठेपण आहे. माणसांच्या कत्तलीला ‘नरसंहार’ म्हणताना हे मोठेपण आपल्या नकळत कत्तल करणाऱ्यांच्या अंगावर चढू नये, एवढी काळजी घ्यावी.

शब्द भडक होण्याचा धोका एका बाजूला. दुसऱ्या बाजूचा धोका आम्हाला अधिक मोठा वाटतो, आणि तो शब्द मवाळ होण्याचा आहे. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरच्या सैनिकांनी १६५० गोळ्या झाडल्या. लोक निःशस्त्र होते, बाहेर पडण्याच्या वाटा अरुंद होत्या. सरकारने नेमलेल्या हंटर समितीच्या अधिकृत नावात मात्र चौकशीचा विषय होता ‘बेबंदशाही’, आणि ती लोकांची. गोळ्या घालणाऱ्यांच्या कृत्याला त्या नावात जागाच नव्हती. काँग्रेसने स्वतंत्र चौकशी केली. तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांनी साक्षी नोंदवल्या. सेवा समितीच्या कार्यकर्त्यांनी मेलेल्यांची नावे गोळा केली. सरकारी आकडा ३७९ वर थांबला, काँग्रेसचा सुमारे हजारावर गेला. वाद शब्दाचा होता तितकाच मोजणीचा होता.

आपल्या राज्यातले उदाहरण दुखरे आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातली चार माणसे गावातल्या जमावाने मारली. पहिल्या बातम्या त्रोटक होत्या. राज्याला या घटनेचे गांभीर्य कळले ते लोक रस्त्यावर उतरल्यावर, जवळपास महिन्याभराने. आज आपण सगळे ‘खैरलांजी हत्याकांड’ म्हणतो. हा शब्द वृत्तपत्रांनी पहिल्या दिवशी शोधून काढलेला नाही, तो आंदोलनाने आमच्याकडून लिहवून घेतला. जमावाने केलेल्या हत्यांसाठी मराठीत अलीकडे ‘झुंडबळी’ शब्द रुळला, तो नेमका आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा अशा कारणावरून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात आहे. कायद्यालाही शब्दाची गरज पडली.

जगाला अशी गरज १९४४ मध्ये पडली. राफाएल लेमकिन या पोलंडमधल्या ज्यू कायदेपंडिताने वंशवाचक ग्रीक शब्द आणि मारण्याचा लॅटिन प्रत्यय जोडून एक नवे नाव तयार केले. आपण त्याला वंशसंहार म्हणतो. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार संमत केला. त्या व्याख्येत मेलेल्यांची संख्या निर्णायक नाही, हेतू निर्णायक आहे. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूहाला, समूह म्हणून, पूर्णपणे वा अंशतः नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. म्हणून प्रत्येक मोठी कत्तल वंशसंहार नसते, आणि कोणतीही कत्तल वंशसंहार ठरली नाही म्हणून लहान होत नाही. या शब्दाबरोबर कर्तव्य येते हे सरकारांना ठाऊक असते. १९९४ मध्ये रवांडात सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सी मारले जात होते, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते ‘वंशसंहाराची कृत्ये’ इतपत बोलत होते आणि नुसता ‘वंशसंहार’ म्हणायचे टाळत होते.

स्रेब्रेनिकाकडे पाहावे ते दुसऱ्या कारणासाठी. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या या गावाजवळ आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे काही दिवसांत मारले गेले. पुरावा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी यंत्रे लावून खड्डे पुन्हा उकरले आणि प्रेते दुसरीकडे नेऊन पुरली. एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी सापडू लागली. मग आप्तांच्या रक्ताचे नमुने घेऊन, डीएनए जुळवून, हाड हाड ओळखण्याचे काम कितीतरी वर्षे चालले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये या कत्तलीला वंशसंहार म्हटले. पोतोचारीच्या स्मारकात दगडावर ८३७२ हा आकडा कोरला आहे, आणि दर वर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. शिरकाण करणारे काही दिवसांत मोकळे झाले. शिरगणती तीन दशकांनंतरही चालू आहे.

कत्तल हा शब्द फक्त माणसांपुरता राखावा, असा आमचा आग्रह नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात पाडली गेली आणि लोकांनी ‘झाडांची कत्तल’ म्हटले. कायद्याचा शब्द वृक्षतोड आहे. पण जो माणूस झाडाला जिवंत मानतो, त्याने रात्रीच्या अंधारात, कोणी अडवायच्या आत चाललेल्या त्या तोडीला कत्तल म्हणावे यात शब्दाचा अपमान नाही. गोलंदाज दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात उतरतो, निर्देशांक आठवड्याने वर येतो. ते झाड उभे राहत नाही. आम्ही एवढीच कसोटी लावतो.

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना सावकारी भाषेतल्या एका पत्रातून कळली, हे प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेले असते. त्या पत्रात विश्वासराव आणि भाऊसाहेब मोत्यांच्या रूपाने येतात, मोठे सरदार मोहरांच्या, आणि बाकी सैन्य खुर्द्याच्या. मोत्ये मोजली आहेत, मोहरा मोजल्या आहेत. खुर्द्याची गणती नाही असे पत्र सांगते. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत आणि दुसऱ्या दिवशी कैद्यांच्या कत्तलीत जे गेले, त्यांत शिलेदार होते, बारगीर होते, भिस्ती, खिदमतगार, बाजारबुणगे होते, यात्रेला म्हणून निघालेली माणसे होती, बायका होत्या. पत्र लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला घाई होती, वाटेत शत्रू होता आणि खुर्दा मोजायला त्याच्याकडे माणूस नव्हता. आज आमच्याकडे माणूस आहे, दूरध्वनी आहे, जिल्ह्याजिल्ह्यात वार्ताहर आहेत.

यापुढे या पानांवर खेळाच्या आणि बाजाराच्या बातमीत कत्तल, शिरकाण, रक्तपात हे शब्द येणार नाहीत, आणि पैसेवाटपाला पैसेवाटपच म्हटले जाईल. जिथे खरोखर कत्तल झाली असेल तिथे तो शब्द कचरून टाळला जाणार नाही. ती कोणी केली हे कळले असेल तर ते वाक्यात कर्ता म्हणून येईल, आणि मेलेल्यांची जेवढी नावे मिळतील तेवढी छापली जातील. जागा कमी पडली तर दुसरी बातमी मागे राहील. यात आमची चूक झालेली दिसली तर वाचकांनी तारीख आणि पान लिहून कळवावे, आणि तुमच्या गावातल्या अशा एखाद्या घटनेत गेलेल्यांची नावे कोणाच्या वहीत, पोथीत, देवळाच्या किंवा दर्ग्याच्या दगडावर असतील, तर ती उतरवून आमच्याकडे पाठवावीत.